सोन्याचा पत्रा

आमच्या कंपनीत माणसाला नाव नसतं, डिपार्टमेंट असतं. 'पर्चेसला ताप आलाय', 'क्वालिटीच्या मुलीचं लग्न ठरलं', 'मेंटेनन्सने आज डबा आणला नाही' अशी आमची भाषा. चाकण एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडखाली चौदा वर्षं काढल्यावर मी घरीसुद्धा प्रॉडक्शनच झालोय. फोन आला की बायको म्हणते, "प्रॉडक्शन आंघोळीला गेलेत."

नव्या प्रेसच्या ट्रायलसाठी आम्हा चौघांना म्युनिकजवळच्या एका गावी पाठवलं, तेव्हा विमानात चार माणसं चढली असं म्हणणं बरोबर होणार नाही. प्रॉडक्शन, क्वालिटी, पर्चेस आणि मेंटेनन्स चढले. सोबत मेंटेनन्सच्या आईने बांधून दिलेल्या चाळीस दशम्या आणि बरणीभर ठेचा. मेंटेनन्स खेड तालुक्यातला. त्याच्या आईचं म्हणणं एकच, तिकडचं काय शिजवतात कुणी बघितलंय?

पाच दिवस मशीनपुढे उभं राहण्यात गेले. मशीन चालवून दाखवायला एक म्हातारा फिटर होता. पाच दिवसांत तो एकूण अकरा वाक्यं बोलला. त्यातली नऊ 'नाही' या एकाच शब्दाची होती.

मग आला रविवार. आम्हा चाकण-भोसरीवाल्यांना रविवार कळत नाही. आमची सुट्टी गुरुवारी. सगळं जग कामावर असताना आम्ही लुंगी लावून गॅलरीत उभे असतो, आणि सगळं जग फिरायला निघतं तेव्हा आम्ही कंपनीच्या बसमध्ये तोंड उघडं टाकून झोपलेलो असतो. तिथल्या रविवारी मात्र दुकानं बंद, बेकरी बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. शनिवारी संध्याकाळीच क्वालिटी म्हणाला होता, "माझा साडू टूरबरोबर ऑस्ट्रियात इन्सब्रुकला जाऊन आलाय. तिथं सोन्याचं छप्पर आहे. ते बघितलं नाही तर तो आयुष्यभर बोलेल." क्वालिटीचा साडू हा त्याच्या आयुष्यातला एकमेव ग्राहक, ज्याची तक्रार त्याला आजवर बंद करता आलेली नाही. इन्सब्रुक ठरलं.

ठरलं म्हणताच मी लॅपटॉप उघडला. प्रॉडक्शनवाला प्लॅनशिवाय पाणीही पीत नाही. रात्री एक वाजेपर्यंत बसून पंधरा-पंधरा मिनिटांच्या चौकटींचा तक्ता केला. 'सोन्याचे छप्पर (उभ्याने) : २० मि. राजाचे चर्च : २५ मि. विजयी कमान (चालता चालता) : ५ मि. डोंगर : २ तास. लघवी : २ वेळा, प्रत्येकी ४ मि.' शेवटच्या दोन रकान्यांत 'प्लॅन' आणि 'प्रत्यक्ष'. प्रत्यक्षचा रकाना मी कशासाठी ठेवला, देव जाणे. चौदा वर्षांत त्या रकान्याने मला एकदाही सुख दिलेलं नाही.

सकाळी स्टेशनवर पर्चेसची सॅक खडखडत होती. आत प्लास्टिकच्या सात रिकाम्या बाटल्या. जर्मनीत पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतात, बाटली दुकानातल्या मशीनमध्ये परत टाकली की पैसे मिळतात. पर्चेसने आठवडाभर आमच्याही बाटल्या जमवल्या होत्या. सात गुणिले २५ म्हणजे पावणेदोन युरो. सोयीसाठी आम्ही सगळं शंभराने गुणत होतो, तर पावणेदोनशे रुपये.

"अरे, पण रविवार आहे. दुकानं बंद."

"ऑस्ट्रियात देऊ."

"जर्मनीच्या बाटल्या ऑस्ट्रियात कोण घेईल?"

"विचारायला काय पैसे पडतात?" हे पर्चेसचं जीवनसूत्र आहे.

म्युनिकहून इन्सब्रुक पावणेदोन-दोन तासांवर. आम्ही बसलो ती गाडी पुढे ब्रेनरची खिंड ओलांडून इटलीत व्हेरोनाला जाणारी होती. हे आम्हाला कळलं ते इन्सब्रुक आल्यावर, कारण नेमक्या त्याच वेळी सॅकची चेन उसवली आणि सातांतल्या तीन बाटल्या तीन दिशांना घरंगळल्या. पर्चेस बाकांखाली, क्वालिटी त्याला 'एक बाकी आहे, एक बाकी आहे' असं मोजून सांगतोय, मी तक्ता काखेत धरून दारातलं बटण दाबून ठेवलंय आणि मेंटेनन्स झोपलेला. एका इटालियन आजीबाईंनी सातवी बाटली काढून हातात दिली, तेव्हा आम्ही उतरलो. नाहीतर आमची संध्याकाळ ज्युलिएटच्या बाल्कनीखाली गेली असती.

स्टेशनबाहेर आलं की समोर भिंत उभी करावी तसा डोंगर. मान मागे टाकून बघावं लागतं. पर्चेसने मोबाईल काढला. "समुद्रसपाटीपासून ५७४ मीटर."

"बरं मग?"

"पुणं किती? ५६०." तो थांबला. "म्हणजे चौदा मीटरसाठी आपण इथवर आलो."

ही चौदा मीटर त्याने दिवसभर सोडली नाहीत.

गावाच्या नावाचा अर्थ इन नदीवरचा पूल. आपल्याकडे याच हिशेबाने हॅरिस पूल आणि नाशिक फाटा ही केव्हाच जागतिक शहरं व्हायला हवी होती. मारिया थेरेसा रस्त्याने चालत आम्ही जुन्या पेठेत शिरलो. दोन्ही बाजूंना पिवळ्या, गुलाबी, पिस्ता रंगाची घरं, खाली कमानी, वर खिडक्यांत फुलं. क्वालिटी मान वर करून सोन्याचा घुमट शोधत होता. गल्ली संपली, तरी घुमट काही दिसेना.

"हेच ते," मी म्हणालो.

एका घराच्या पुढे काढलेली दुमजली बाल्कनी आणि तिच्यावर उतरतं, चकाकणारं छोटंसं छप्पर. चौघेही गप्प झालो. मग मेंटेनन्स हळूच म्हणाला, "आपल्या सिक्युरिटी केबिनवर याच्याहून मोठा पत्रा हाय."

तो पत्राच होता, हे मी त्यांच्यापासून लपवू शकलो नाही. तांब्याच्या पत्र्याचे तुकडे, वर सोन्याचा मुलामा. एकूण २,६५७. रोज आठ तास पत्रा कापणारी, वाकवणारी, दाबणारी चार माणसं सुट्टीच्या दिवशी खिशातले पैसे घालून परक्या देशात पत्रा बघत उभी होती. घरून निघताना बायको म्हणाली होती, "तिकडे तरी जरा वेगळं काहीतरी बघा."

"दोन हजार सहाशे सत्तावन्न," क्वालिटी पुटपुटला. "मोजले कोणी? एकानेच का दोघांनी?" आणि तो खालून मोजायला लागला. चौथ्या रांगेत एक कबुतर येऊन बसलं. ते उडाल्यावर पुन्हा पहिल्यापासून. माझ्या तक्त्यातली वीस मिनिटं कबुतरावर गेली.

तोवर मी वाचून आलेला इतिहास सांगून घेतला. सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने १५०० साली हे बांधून घेतलं. खाली चौकात खेळ, नाच, झुंजी व्हायच्या आणि राजा राणीसह वरच्या बाल्कनीत बसून बघायचा. दंतकथा मात्र त्याच्याआधीच्या एका फ्रेडरिकची सांगतात. लोक त्याला 'रिकाम्या खिशाचा' म्हणून चिडवत. आपण कंगाल नाही हे दाखवायला त्याने म्हणे छपरालाच सोनं लावलं.

पर्चेसच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आदर दिसला. "कर्ज झालं की माणूस दर्शनी भागाला सोनं लावतोच," तो म्हणाला. "आमच्या सोसायटीत बघ. मेंटेनन्स थकलाय दोन वर्षांचा, आणि गाडी काय घेतली!"

"माझा कुठं थकलाय?" मेंटेनन्स दचकला.

खरं सांगायचं तर सोन्याच्या बाबतीत आम्हाला दिपवणं तसं अवघडच. सोन्याचा शर्ट आमच्या भोसरीने २०१३ मध्येच बघितला आहे. छपरापेक्षा शर्ट बरा, तो चालत आपल्यापर्यंत येतो.

शेजारच्या जुन्या बुरुजावर चढायचं तक्त्यात नव्हतं, पण मेंटेनन्स चढला म्हणून सगळे चढलो. खाली आल्यावर क्वालिटीचा पायऱ्यांचा आकडा आणि मेंटेनन्सचा आकडा यांत तीनचा फरक निघाला. क्वालिटीला हा फरक सोसेना. तो पुन्हा चढला. दुसऱ्यांदा तिकीट काढून. वरून उतरला तेव्हा त्याच्याकडे तिसराच आकडा होता. त्या विषयावर आता आमच्यात बोलायचं नाही असं ठरलं आहे.

राजाचं चर्च सकाळी प्रार्थनेमुळे बंद, म्हणून प्लॅन उलटा केला आणि आधी कमानीकडे निघालो. ही कमान १७६५ ची. सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या मुलाच्या, लिओपोल्डच्या लग्नासाठी उभारली. ऐन सोहळ्यातच नवऱ्या मुलाचे वडील, सम्राट फ्रान्सिस, वारले. मग कमानीच्या एका अंगाला लग्नाचा आनंद कोरला, दुसऱ्या अंगाला मृत्यूचा शोक. गावकरी आणि पर्यटक दोघांना ही कल्पना फार अजब वाटते. आम्हाला नाही वाटली. आमच्या प्रत्येक चौकातल्या फ्लेक्सच्या सांगाड्यावर येताना 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' असतं आणि जाताना 'भावपूर्ण श्रद्धांजली'. फोटोतला गॉगलसुद्धा तोच.

जेवणासाठी रस्त्याकडेच्या एका बाकावर बसलो. मेंटेनन्सने दशम्यांची चवड काढली, ठेच्याच्या बरणीचं झाकण उघडलं आणि आल्प्सच्या हवेत खेड तालुका पसरला. शेजारच्या बाकावरचं जोडपं शिंकत उठलं. तेवढ्यात कोपऱ्यावरून लाल झेंडा आला. झेंड्यामागून टोप्या, मफलर, स्वेटर आणि पांढरे स्पोर्ट्स शूज घातलेली चाळीसेक माणसं. सगळी मराठी.

"अय्या, जेवण इथे आहे का?" पहिल्या काकू म्हणाल्या आणि बाकासमोर उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे काका. काकांच्या मागे रांग. रांग दिसली की मराठी माणूस कशाची आहे हे विचारत नाही, आधी उभा राहतो.

"काकू, आम्ही टूरचे नाही," मी म्हणालो.

"असू दे हो. सॉरी कशाला म्हणता, उशीर होतोच. मला एकच दशमी द्या, शुगर आहे."

टूर मॅनेजर धावत येईस्तोवर एकोणीस दशम्या गेल्या होत्या. एक आजोबा ठेच्याची वाटी दुसऱ्यांदा पुढे करत म्हणाले, "पाच दिवसांत आज पहिल्यांदा मेनू जमलाय. आचारी बदलला वाटतं?" मेंटेनन्सला इतकं भरून आलं की त्याने बरणी पुसून दिली. जाताना काकूंनी त्याच्या हातावर एक युरोची टिप ठेवली. पर्चेसने ताबडतोब हिशेब केला, एकोणीस दशम्यांना एक युरो, म्हणजे दशमी सव्वापाच रुपयांना पडली. "आपण तोट्यात गेलो," तो म्हणाला.

दुपारी राजाचं चर्च उघडलं. आत मधोमध मॅक्सिमिलियनची संगमरवरी समाधी, चारी बाजूंनी शिल्पं कोरलेली, वर राजा गुडघे टेकून प्रार्थना करतोय. आणि दोन्ही बाजूंना काशाचे २८ पुतळे, माणसाहून उंच, काळेभोर. राजाचे पूर्वज, नातेवाईक, आणि नातेवाईक म्हणून हक्काने घुसवलेला इंग्लंडचा दंतकथेतला राजा आर्थरसुद्धा. त्याचा आराखडा खुद्द चित्रकार ड्यूररचा. आम्ही खरंच थक्क झालो. क्वालिटीही. एका पुतळ्याच्या चिलखतावरचं काम बघून तो म्हणाला, "ओतकाम असं असतं. आपले व्हेंडर आणून दाखवले पाहिजेत." त्याच्या तोंडून यापेक्षा मोठी स्तुती निघत नाही.

"आणि साहेब आत?" मेंटेनन्सने समाधीकडे बोट केलं.

"नाही. समाधी रिकामी आहे. राजा दुसऱ्या गावी पुरलाय, व्हिएन्नाच्या दक्षिणेला."

मेंटेनन्स त्या २८ जणांकडे बराच वेळ बघत राहिला. सगळे रांगेत, हात पुढे करून, शतकानुशतकं ताटकळलेले. "आपल्या तहसील ऑफिससारखं झालं," तो म्हणाला. "माणसं सगळी हजर, साहेब जागेवर नाही."

मी हसलो. त्या हसण्याने पर्चेस हसला. त्याच्या हसण्याने सॅक हलली आणि त्या प्रचंड शांततेत सात बाटल्या खडखडल्या. पुढच्या बाकावरच्या नन बाईंनी वळून पाहिलं. पर्चेस सॅक दोन्ही हातांनी छातीशी धरून, तान्हं मूल झोपवावं तसा डुलत बाहेर पडला.

मग डोंगर. केबलकारचं तिकीट बघून पर्चेस पायरीवर बसला आणि "चौदा मीटर" एवढंच म्हणाला. पण इथे मेंटेनन्स हटून बसला. शहरातून वर जाणाऱ्या त्या रुळावरच्या गाडीचे डबे चढ बदलेल तसे आपोआप सपाट होतात, प्रवासी तिरका होत नाही. स्टेशनं झाहा हदीद यांनी रेखाटलेली, काचेचा बर्फ ओघळून गोठावा तशी, २००७ सालची. जगभरची माणसं त्या छपरांचे फोटो काढत होती. मेंटेनन्स जमिनीवर उकिडवा बसून डब्याखालच्या यंत्रणेचे काढत होता. पुढे पाळणा बदलून, पुन्हा पाळणा बदलून आम्ही पोचलो २,३०० मीटरच्या आसपास.

आणि काहीच दिसलं नाही. धुकं. पाट्यांवर बाणांनी शिखरांची नावं लिहिली होती आणि प्रत्येक बाणापुढे तेच पांढरं. आम्ही ओळीने कठड्याला धरून उभे राहिलो. हुडहुडी भरली.

"लोणावळ्याला टायगर पॉइंटला हुबेहूब हेच दिसतं," पर्चेस म्हणाला. "फुकट. वर कांदाभजी मिळते."

मी बोललो नाही. मला माझंच दुःख होतं. खाली एका फलकावर वाचलं होतं, १९६४ च्या हिवाळी ऑलिम्पिकला इथे बर्फच पुरेसा पडला नाही. तेव्हा ऑस्ट्रियाच्या सैन्याने डोंगरावरून बर्फ वाहून आणून उतारांवर टाकला आणि स्पर्धा वेळेवर पार पाडल्या. मटेरियल शॉर्टेज, आणि तरीही डिस्पॅच वेळेवर! चौदा वर्षं मी ज्याच्यासाठी नवस बोलतोय ते या लोकांनी करून दाखवलं होतं. धुक्यात मी त्या अज्ञात स्टोअर-इनचार्जला मनोमन नमस्कार केला.

बाटल्या तशाच परत म्युनिकला आल्या. सोमवारी सकाळची फ्लाइट. दुकानं उघडायच्या आत आम्ही विमानतळावर. सात बाटल्या चाकणला पोचल्या. साडूने फोनवर विचारलं, "आणि स्वारोव्स्कीचं म्युझियम? वाटेतच आहे, वॅटन्सला. नाही बघितलं? मग काय बघितलं?"

तीन महिन्यांनी मशीन आलं, आणि मशीनमागून तो म्हातारा फिटर. त्याने कामाला सुरुवात केली आणि पहिल्या आठवड्यात सात वाक्यं बोलला. बुधवारी संध्याकाळी आठवं बोलला, "उद्या सुट्टी, मला इथलं जुनं शहर दाखवा."

कॉन्फरन्स रूममध्ये तातडीची मीटिंग बसली. जुनं शहर? चाकणला? एकाने मॉल सुचवला. एकाने एक्स्प्रेस वेवरचा फूड कोर्ट. मी चिंचवडचं मोरया गोसावींचं देऊळ म्हणालो, चापेकरांचा वाडा म्हणालो, निगडीचं भक्ती-शक्ती शिल्प म्हणालो. पण फिटर हॉटेलमधून आणलेला नकाशा उलगडून बसला होता. त्याने एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा किल्ला. तुमच्या फॅक्टरीपासून सहा किलोमीटर."

संग्रामदुर्ग. चौदा वर्षं मी त्या बाजूने कंपनीच्या बसमध्ये झोपून जातोय. वळणावर कांद्याच्या ट्रकने हॉर्न दिला की मला जाग येते, म्हणून ते वळण ओळखीचं आहे. किल्ला नाही.

"आमच्या मामाचं घर तिथंच हाय, तटाला लागून," मेंटेनन्स म्हणाला. "लहानपणी बुरुजावर पतंग उडवायचो."

"अरे, मग कधी बोलला का नाहीस?"

"तुम्ही इचारलं कुठं? तुम्ही इन्सब्रुकचं इचारलं."

रात्री पुन्हा लॅपटॉप, पुन्हा तक्ता. 'कंपनी ते किल्ला : २० मि.' गुरुवारी निघालो आणि तळेगाव चौकात अडकलो. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, उजवीकडे उसाचा ट्रॅक्टर, डावीकडून उलट्या दिशेने येणारी रिक्षा. फिटर खिडकीतून बघत होता. तासाभराने त्याने विचारलं, "किल्ला वेढ्यात आहे का?"

इतिहास सांगायला याहून चांगली जागा मिळाली नसती. मी सुरुवात केली. १६६० साल. शाहिस्तेखान मोठी फौज घेऊन या भुईकोटाला वेढा घालून बसला. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि मूठभर माणसं. धोधो पावसाळा. तोफांनी भागेना, तेव्हा खानाने भुयार खणून बुरुजाखाली सुरुंग लावला. बुरूज उडाला, तरीही आतल्यांनी लगेच हार मानली नाही. किल्ला घ्यायला जवळजवळ पंचावन्न दिवस लागले.

फिटरने वही काढली. "पंचावन्न दिवस?"

"हो."

"एवढ्या मोठ्या फौजेला?"

"हो." माझी छाती फुगली.

"आणि माझ्या इन्स्टॉलेशनला तुम्ही बारा दिवस दिले. एक हेल्पर देऊन."

पुढचा अर्धा तास गाडीत कोणी बोललं नाही.

किल्ल्यावर तिकीट नव्हतं, झेंडा नव्हता, काकू नव्हत्या. तटाचे तुकडे, खंदकाची खूण, बुरूज, आणि बुरुजावर क्रिकेटच्या चेंडूसाठी चढलेली दोन पोरं. फिटर एकटाच तटाकडेने चालत गेला, दगडांच्या सांध्यांत बोट घालून बघत. क्वालिटी त्याच्या मागोमाग निघाला आणि पायऱ्या मोजायला लागला. मेंटेनन्सच्या मामीने दशम्या पाठवल्या होत्या. आम्ही सावलीत बसलो. फिटरने ठेच्याचा पहिला घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, तोंड लाल झालं, आणि त्याने हात पुढे केला.

"पाणी, पाणी द्या रे साहेबांना!"

पर्चेसने घाईघाईने सॅकमधून बाटली काढली. फिटर घटाघटा पाणी प्यायला. सगळी बाटली संपवली. मग तिच्यावरची चिठ्ठी वाचायला त्याने चष्मा लावला. चिठ्ठीवरच्या निशाणीवरून अंगठा फिरवला, झाकण घट्ट बसवलं आणि बाटली शांतपणे स्वतःच्या पिशवीत टाकली.

"ओ साहेब," पर्चेस अर्धा उठला, "ती माझी बाटली!"

"पंचवीस सेंट," फिटर म्हणाला, आणि दुसरी दशमी घेतली.